धुराड्यातला बूट

प्रिय रोवीना,

"या घरात माझं म्हणावं असं काहीसुद्धा नाही." हे वाक्य तुला आठवतही नसेल. तू तेव्हा अठराची व्हायची होतीस. बाबांची तपकिरी सुटकेस स्वयंपाकघराच्या फरशीवर उघडी पडली होती आणि तू तुझे कपडे तिच्यात भरत होतीस. सुटकेस अर्धीसुद्धा भरली नाही, आणि बहुधा त्याचाच तुला राग आला. मी जिन्यात बसून वाटाणे सोलत होते. आई शेकोटीपाशी उभी होती, एक हात धुराड्याच्या तोंडावरच्या ओकच्या तुळईवर टेकवून. तू ते वाक्य बोललीस आणि थांबलीस. उत्तरासाठी थांबलीस, हे मला त्या वयातही कळलं. आईने तुळईवरून तळहात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा, आणि म्हणाली, "बस चुकेल." तू गेलीस. मी वाटाणे सोलत राहिले. त्या संध्याकाळी आई जेवली नाही, पण ते बघायला तू नव्हतीस, आणि नंतर कधी तू विचारलंही नाहीस.

तुझी खुशाली विचारायला हे पत्र नाही. तुझी खुशाली गावात सगळ्यांना माहीत असते. आपल्या जुन्या घरावर पाहुण्यांसाठी लावलेल्या तुझ्या पाटीवर ती रंगवलेलीच आहे. आईची खुशाली तुला लेमस्टरच्या वृद्धाश्रमातून फोनवर कळवली, असं तिथली नर्स म्हणाली. तू म्हणालीस म्हणे, हंगाम संपला की येते. मी हसले. आपल्या टिलहोपला हंगाम म्हणजे एके काळी बिअरसाठीच्या हॉपच्या वेली उतरवायचा, नाहीतर पेअरची दारू गाळायचा. आता हंगाम पाहुण्यांचा. तो कधी संपतो ते मला ठाऊक नाही. आईचा मात्र संपत आला आहे, आणि तिचं एक काम अडून राहिलं आहे. ते तुझ्याशिवाय होत नाही, याचा मला किती संताप आहे हे तुला पुढे कळेलच.

सप्टेंबरात जुनी घरं लोकांसाठी उघडी ठेवतात त्या दिवशी मी आले होते. तू मला पाहिलंस. मी रेनकोटची टोपीसुद्धा काढली नव्हती, तरी पाहिलंस. अंगणात चहाचं टेबल होतं, तू किटली घेऊन उभी होतीस, आणि माझी पाळी आली तेव्हा शेजारच्या दोन बायकांदेखत तू मला विचारलंस, "साखर घेता का आपण?" आपण! एका पलंगावर, एका रजईखाली वाढलो, थंडीत माझे पाय तुझ्या पोटरीला लागले की तू मला चिमटे काढायचीस, आणि आता आपण! मी म्हटलं, "घेते, बाईसाहेब, दोन." तू दोन घातल्यास. वर बिस्किटही दिलंस. ते मी तुझ्या गुलाबाच्या आळ्यात टाकलं.

रांगेत उभी राहून मी घर बघत होते. लाकडं काळी केलीस. डांबरासारखी काळी, आणि मधल्या भिंती दूधपांढऱ्या. बाबांच्या वेळी ती लाकडं राखाडी होती, पावसाने धुऊन काढलेल्या हाडासारखी, आणि भिंतींना चुन्यात पिवळी माती कालवून द्यायचे, त्यामुळे सगळं घर जुन्या चीजसारखं पिवळट दिसायचं. बाबांचे वडील तसंच करायचे, आणि त्यांचेही. पण पाहुण्यांना काळं-पांढरंच हवं असतं, कारण बिस्किटांच्या डब्यावर तसंच असतं. तू घराला डब्यासारखं केलंस. गावही तसंच झालं आहे. पोस्टात आता कुणी आठवड्यापुरतं राहतं, लोहाराच्या भट्टीत आणखी कुणी, शाळेत तर तिघेजण. दारोदार किल्लीच्या पेट्या टांगलेल्या. नोव्हेंबरात संध्याकाळी गल्लीतून गेलीस तर दिवा दिसेल तो माझा, टेरी प्रॉसर गवंड्याचा आणि तुझा. बाकी अख्खं गाव डोळे मिटून बसलेलं, कुणीतरी पैसे भरून उठवेपर्यंत.

एक गोष्ट लिहिताना माझे दात शिवशिवतात, पण ती खरी आहे. बाबा गेले तेव्हा छप्पर पोटात आलं होतं, मागची भिंत नदीकडे झुकली होती. तू आणि तुझा नवरा जूलियन आला नसतात तर घर पडलं असतं. मी पडू दिलं असतं असं नाही, पण मला थांबवता आलं नसतं. तेव्हा घर तू वाचवलंस, हे मान्य. फक्त वाचवताना आतल्या बाईला बाहेर काढलंस.

आता त्या काचेच्या पेटीकडे येते. दिवाणखान्यात, खिडकीखाली, आत छोटा दिवा, खाली निळी मखमल, आणि तिच्यावर तो बूट. लहान मुलाचा, एकाच पायाचा, धुराने काळा ठिक्कर पडलेला, चामडं सुकून अक्रोडासारखं. लेस नाही. तळव्याला लाकडी खुंट्या. नाकाशी घासलेला. पेनिंग्टनसाहेब बाजूला छडी घेऊन उभे होते. माणूस आयुष्यभर लोकांचे दात काढत बसला आणि आता निवृत्त होऊन इतिहास मंडळाचा अध्यक्ष झाला आहे. बुटाकडेही ते दाढेकडे बघावं तसेच बघत होते. म्हणाले, राणी ॲनच्या काळातला, तीनशे वर्षांपूर्वीचा. हाताची शिलाई बघा, खुंट्या बघा, चौकोनी नाक बघा. त्या काळी लोक घराच्या रक्षणासाठी धुराड्यात बूट लपवत, कारण अंगावरच्या सगळ्या वस्तूंत बूटच असा की तो माणसाचा आकार धरून ठेवतो. गरीब घरची मुलगी असावी, बहुधा लहानपणीच गेलेली. बायका हळहळल्या. आणि तू, रोवीना, किटली खाली ठेवून आत आलीस, दाराच्या चौकटीला टेकलीस आणि म्हणालीस, "कधी कधी संध्याकाळी मला ती या खोलीतच असल्यासारखी वाटते. एकटी. कुणीतरी येऊन घेऊन जाईल म्हणून वाट बघणारी."

मी तिथे हसले. मोठ्याने हसले, कप बशीवर वाजला. तू ओठ आवळलेस, आणि मी बाहेर पडताना तुला त्या बायकांना सांगताना ऐकलं, "माझी बहीण आहे. तिचं जरा कठीणच असतं." चला, बहीण तरी झाले.

तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. त्या हसण्यामागे नुसती कडवट चीड होती, बाकी काही नाही. घराशेजारीच टेरी भेटला, भिंतीवर बसून सँडविच खात होता. त्याला आत यायचं नव्हतं. तुझं धुराडं त्यानेच उघडलं होतं, काचेच्या दाराची ती नवी भट्टी बसवायला, म्हणून मी त्याला बुटाबद्दल विचारलं. म्हणाला, आतल्या अंगाला, जुन्या पावभट्टीच्या मागे, हात कोपरापर्यंत घातल्यावर एक कोनाडा लागतो, तिथे होता, आणि हात घालून बाहेर काढलास तो तूच. नाक घराकडे आणि टाच आभाळाकडे. त्याने तुला सांगितलं, होता तिथे परत ठेवू या, मिसेस. अशी वस्तू काढलेली घराला सोसत नाही. तू काय म्हणालीस ते त्याने मला तुझ्या आवाजात करून दाखवलं: "टेरी, या घराला काय सोसतं ते आता मी ठरवते." मग टेरीने काय केलं माहीत आहे? तू चहा करायला गेलीस तेव्हा त्याने स्वतःचा डाव्या पायाचा कामाचा बूट काढला आणि त्या कोनाड्यात ठेवून दिला. त्याचे वडील गवंडी होते, आजोबाही. एक काढलास तर एक ठेव, अशी त्यांच्यात रीत आहे. घरी मोज्यावर गेला, बायकोच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हा तुझ्या त्या झकपक घराची राखण सध्या टेरी प्रॉसरचा बूट करतो आहे, अकरा नंबरचा. पाहुण्यांना हेही सांगत जा.

मला वाटलं, आईला ही गोष्ट सांगावी, हसेल. शाळेची मुलं सोडून झाली की मी रोज मिनीबस तशीच लेमस्टरला वळवते. आई खिडकीशी बसलेली असते. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. तिची हँडबॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर, जशी काही आत्ताच कुणी तिला घ्यायला येणार आहे. मी गेले की तिचे दोन प्रश्न ठरलेले. "रो आली होती का?" आणि "शेकोटी पेटती आहे ना?" मी पहिल्याला नाही म्हणते आणि दुसऱ्याला हो. दुसरं खोटं असतं. तुझी भट्टी बटणावर चालते आणि पाहुणे नसले की बंद असते, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं रंगवून सांगितलं. पेनिंग्टनची छडी, मखमल, राणी ॲन, टेरीचा मोजा. मोज्याला ती हसली. मग एकदम थांबली. विचारलं, "कुठल्या पायाचा?" मी म्हटलं, आई, मला काय माहीत, उजव्या पायाचा असेल. "नाकाशी घासलेला?" हो. "आतल्या बाजूला टाके दुहेरी?" मी म्हटलं, तू तो कधी पाहिलास? तिचा चेहरा असा झाला, रोवीना, की मी घंटीकडे हात नेला. मग ती म्हणाली, "कुणी काढला तो?" मी तुझं नाव घेतलं. आई म्हणाली, "तिनेच? स्वतःच्या हाताने?" आणि मग तिने बॅग उघडली. गेली कित्येक वर्षं ती बॅग मी उचलते आहे, डॉक्टरकडे, केस कापायला, बाबांच्या दफनाला. ती जड का, हे मी कधी विचारलं नव्हतं. रुमालांखाली, अगदी तळाशी, मऊ कापडात गुंडाळलेला, दुसरा बूट होता. डाव्या पायाचा. हा धुरात राहिला नव्हता म्हणून तांबूस, मऊ, लेससकट. टाके दुहेरी. खुंट्या लाकडाच्या. राणी ॲनचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो डोंगरापलीकडे राहणाऱ्या आईच्या वडिलांनी केला होता. ते घोड्यांची खोगिरं आणि चामड्याचं काम करायचे, आणि स्वतःच्या आजोबांच्या साच्यांवर बूट शिवायचे, कारण नवे साचे घ्यायला ते अतिशय चिकट होते. पहिल्या नातीसाठी त्यांनी केलेला तो एकच जोड. पुढच्या वसंतात ते गेले.

पहिली नात मी नव्हे. मी तर अजून जन्मलेही नव्हते.

आता नीट वाच. तू साडेतीन वर्षांची होतीस, आणि मी आईच्या पोटात. त्या हिवाळ्यात लग नदी इतकी चढली की रस्ते पाण्याखाली गेले, आणि तुला डांग्या खोकला झाला. डॉक्टर ट्रॅक्टरवर बसून आले, तुझी छाती ऐकली, आणि बाबांना बाहेर अंगणात बोलावून बोलले. आईला त्यांनी काही सांगितलं नाही, पण खिडकीतून तिला बाबांची पाठ दिसली, आणि तेवढं पुरलं. तू निळी पडायचीस. खोकून खोकून तुझ्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. तेव्हा पलीकडच्या घरातली म्हातारी मिसेस प्रीस गुडघाभर पाण्यातून आली, तुझ्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "पोर सैल होतंय, ऑलवेन. घराच्या हातात तिचं काहीतरी दे. घराच्या घशात गेलेलं घर सोडत नाही." घातलेला बूट हवा, पावलाचा आकार घेतलेला. एकच. आईने स्वतः ठेवायचा, दुसऱ्या कुणी नाही. खालची आग विझू द्यायची नाही. आणि ज्याचा बूट आहे त्याला जन्मात कधी सांगायचं नाही; त्याला कळलं की घराची पकड सुटते.

आपली आई कशी आहे ते तुला ठाऊक आहे. डोंगरातल्या कडक धर्मशिस्तीच्या चॅपलात वाढलेली, पत्त्यांना हात न लावणारी, देवाव्यतिरिक्त कशापुढे मान वाकवणं म्हणजे पाप समजणारी. तिने माझ्यासकट पोट सावरत त्या धुराड्यात हात घातला. खाली निखारे होते. तिच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूचा डाग तू पाहिला आहेस. आपल्याला सांगितलं होतं की जॅम उकळताना भाजला. दोन दिवसांनी तू पेज मागितलीस. कदाचित खोकला उतरायचाच होता. आईलाही तसं वाटलंच असेल. ती काही खुळी नाही. पण ते तपासून बघायची तिची छाती झाली नाही, आणि पुढे कधीच झाली नाही.

म्हणून, रोवीना, आपण समुद्र कधी पाहिला नाही. आठवतं, बाकीची सगळी पोरं उन्हाळ्यात ॲबरिस्टविथला जायची आणि आपल्या घरी आई म्हणायची, घर कोण बघणार? म्हणून बाबांनी आणलेली विजेची शेगडी तिने गोठ्यात ठेवून दिली आणि भर ऑगस्टात, घाम पुसत, लाकडं टाकत राहिली. म्हणून धुराडं साफ करणाऱ्याच्या डोक्याशी ती उभी राहायची आणि म्हणायची, तिकडे ब्रश नको, तिकडे नको. म्हणून तुझ्या लग्नाला ती लंडनला आली आणि जेवण उरकायच्या आधी, केक कापायच्या आधी, शेवटची गाडी पकडून परतली. तू मला ते किती वेळा ऐकवलंस! "स्वतःच्या मुलीच्या लग्नात एक रात्र राहवलं नाही तिला." त्या रात्री मीच तिला स्टेशनवरून आणलं. कोट न काढता ती शेकोटीपुढे गुडघ्यांवर बसली आणि निखाऱ्यांवर फुंकर मारत राहिली. मला वाटलं, नव्या टोपीची काय दशा करून घेते आहे. ती तुझ्या लग्नाला फुंकर घालत होती.

आणि म्हणूनच तिने त्या भट्टीवरून तुझ्याशी भांडण केलं. मागच्या खोलीत गप राहत होती बिचारी, काळा रंग तिने सोसला, पाटी सोसली. पण धुराडं उघडणार म्हटल्यावर ती तुळईला पाठ लावून उभी राहिली आणि हटेना. तू जूलियनला म्हणालीस, आता हिचं डोकं फिरलं. तुम्ही दोघांनी तिला दंडाला धरून बाजूला केलंत, अगदी हळुवारपणे, हे मी ऐकलं आहे, आणि पुढच्या आठवड्यात लेमस्टरची खोली बघितलीत. ती तेव्हा एका शब्दाने सगळं थांबवू शकली असती. तोच तो शब्द, जो तू सुटकेस भरताना तिच्याकडे मागितला होतास. दोन्ही वेळा तिने तो गिळला, कारण तो उच्चारला असता तर तू मेली असतीस, अशी तिची समजूत. या घरात तुझं काही नव्हतं म्हणालीस ना? अगं, घराच्या घशात तू होतीस. आम्ही बाकीचे तुझ्याभोवती राहत होतो.

मी आईला विचारलं. विचारणार नव्हते, पण तोंडातून गेलं. म्हटलं, आणि माझा? माझा बूट कुठे ठेवलास? आई माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिला तिच्या नाकाचा पत्ता विचारला. "तुझा कशाला?" ती म्हणाली. "तू तर इथेच होतीस."

मी बसमध्ये जाऊन बसले. शाळा सुटायची वेळ झाली तरी बसले होते. मग हेडबाईंचा फोन आला, मुलं फाटकात उभी आहेत. तिला आंघोळ मी घालते. तिची नखं मी कापते. तिच्या कवळीचा डबा, तिच्या गोळ्या, तिचे लोकरी मोजे, जे तिथली मंडळी दर आठवड्याला हरवतात, ते सगळं माझ्याकडे. तू मदर्स डेला पिवळी फुलं घेऊन येतेस आणि फुलदाणी कुठे आहे म्हणून मला विचारतेस. आणि रात्रंदिवस, पन्नास वर्षांच्या आसपास, त्या बाईने ज्याच्यासाठी लाकडं वाहिली तो बूट तुझा. मला तुझा हेवा वाटतो हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाज वाटायला हवी ती तुला, कारण तू तो हेवा मखमलीवर ठेवून वर दिवा लावलास आणि तुला तो ओळखूही आला नाही. तुला संध्याकाळी ती खोलीत असल्यासारखी वाटते म्हणालीस. बरोबरच वाटतं. फक्त ती पोर गेलेली नाही. ती अंगणात उभी राहून सख्ख्या बहिणीला साखर विचारते.

आता हे पत्र कशासाठी, ते. आईची छाती भरत चालली आहे. डॉक्टर म्हणतात, एव्हाना सुटायला हवी होती, कशाला धरून आहे कळत नाही. मला कळतं. ती पहाऱ्यावर आहे. बूट बाहेर आल्याचं कळल्यापासून ती नीट झोपत नाही, आणि आता पहिला प्रश्न बदलला आहे: रो आली होती का असं विचारत नाही, "रो खोकते का?" असं विचारते. मी म्हणते, ठणठणीत आहे, तिला काय धाड भरली आहे. तिचा विश्वास बसत नाही. तो परत आत जाईपर्यंत ती जाणार नाही, आणि तिला आता जाऊ द्यायला हवं. तेव्हा येत्या रविवारी पाहुण्यांना नाही म्हण. भट्टी बाजूला काढायला टेरी येईल, त्याच्याशी बोलले आहे. मी आईला बसमधून आणते, चाकाच्या खुर्चीसकट. तिचा हात आता खांद्यावर जात नाही, म्हणून तिच्यादेखत तू तुझ्या हाताने तो बूट कोनाड्यात ठेव, नाक घराकडे. टेरीचा काढू नकोस, दोन्ही मावतील. मग खाली खरी लाकडं पेटव, आणि ती असेपर्यंत विझू देऊ नकोस. आणि हे सगळं करताना तुला काही माहीत आहे असं तिला दिसू देऊ नकोस. तुला सांगणार नाही अशी तिने मला बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली आहे, ती मी आत्ता मोडली. तू तिच्या गळ्यात पडायचं नाहीस. रडायचं नाहीस. क्षमा मागायची नाहीस, आणि ज्या वाक्याचं उत्तर तुला इतक्या वर्षांनी मिळालं आहे, ते मिळालं म्हणून तिला सांगायचंही नाहीस. तिने विचारलं, कशाला परत ठेवतेस, तर म्हण, टेरी म्हणाला म्हणून. जुन्या लोकांच्या खुळचट समजुती. तिला तुझं ते बोलणं ओळखीचं आहे, तिला बरं वाटेल. तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे. एक तर ही सगळी मेरिएलची बनवाबनवी म्हणशील, नाहीतर पत्र वाचून होताच गाडी काढून लेमस्टरला जाशील आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं बोलून टाकशील. तसं करू नकोस, रो. ती इतकी वर्षं गप्प राहिली. तू एक रविवार राहा.

तुझीच, आणि इथलीच,
मेरिएल